विमानाचे चाक का मोडले, याच्या अहवालाची वाट पाहू नका

खारघर येथील एका वाचकाने पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे आईवडील मुलीच्या बाळंतपणासाठी मुंबईहून आखाती देशात निघाले होते. जाण्यायेण्याचे तिकीट वाशीतील एका एजंटाकडून काढलेले होते. तिकडच्या विमानतळावर विमानाची चाके धावपट्टीला टेकताच उजव्या बाजूचे मुख्य लँडिंग गिअर, म्हणजे चाकांचा आधार, मोडले, विमान इंजिनावर घासत धावपट्टीच्या कडेला जाऊन थांबले आणि प्रवाशांना आपत्कालीन घसरगुंडीवरून उतरवण्यात आले. एकसष्ट वर्षांच्या आई घसरगुंडीच्या तळाशी जोरात आदळल्या आणि त्यांच्या कमरेच्या मणक्याला फ्रॅक्चर झाले. वडिलांना खरचटलेदेखील नाही, परंतु तेव्हापासून त्यांना रात्री झोप लागत नाही. आई घरून जेवणाचे डबे देत असत. आता त्यांना ओट्यासमोर वीस मिनिटेही उभे राहवत नाही. विमान कंपनीने रुग्णालयात असतानाच सुमारे ८५ हजार रुपयांइतकी रक्कम दिली व एका कागदावर सही घेतली. आता कंपनी ५ लाख रुपये देऊ करते आहे, मात्र त्यासाठी सर्व दावे कायमचे सोडल्याच्या कागदावर सही हवी आहे. याहून अधिक मागायचे असेल तर अपघाताचा चौकशी अहवाल येईपर्यंत थांबा, आणि आपल्या आई सूचना डावलून सामानासह उतरल्या हेही लक्षात घ्या, असे कंपनीचे म्हणणे आहे. अपघाताला सोळा महिने झाले आहेत. वाचक विचारतात की थांबावे की सही करावी.

उत्तर असे की, यांपैकी काहीही करू नये. सही करू नये आणि अहवालासाठी थांबूही नये. या दोहोंपैकी थांबणे अधिक धोक्याचे आहे.

आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातील इजेची भरपाई १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार ठरते. भारत २००९ मध्ये या करारात सामील झाला आणि हा करार आपल्या हवाई वाहतूक अधिनियम, १९७२ च्या तिसऱ्या अनुसूचीत समाविष्ट आहे. त्याच्या कलम ३५ मध्ये असे म्हटले आहे की विमान गंतव्यस्थानी पोहोचल्याच्या, किंवा ते पोहोचायला हवे होते त्या दिवसापासून दोन वर्षांच्या आत दावा दाखल झाला नाही तर भरपाईचा हक्कच संपुष्टात येतो. आपल्याकडच्या नेहमीच्या मुदतीच्या कायद्यात उशिराचे सबळ कारण दाखवून विलंब माफ करून घेता येतो, आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ६९ मध्येही तशी सोय आहे. परंतु करारातील ही मुदत हक्कालाच संपवणारी असल्याने त्या सोयीच्या भरवशावर राहणे म्हणजे आईंचा संपूर्ण दावा पणाला लावणे होय. कंपनीशी चाललेला पत्रव्यवहार, 'आपले प्रकरण विचाराधीन आहे' अशी उत्तरे किंवा अहवालाची प्रतीक्षा यांनी ही मुदत एका दिवसानेही वाढत नाही. आपल्या हाती साधारण आठ महिने उरले आहेत आणि कागदपत्रे जमवण्यात त्यातले दोन-तीन सहज जातील.

चौकशी अहवालाची आपल्याला गरज का नाही, हे नीट समजून घ्यावे, कारण कंपनीचा सगळा युक्तिवाद याच ठिकाणी ढासळतो. कराराच्या कलम १७ नुसार विमानात असताना, अथवा विमानात चढण्याच्या किंवा उतरण्याच्या क्रियेत, अपघातामुळे प्रवाशाला शारीरिक इजा झाली तर विमान कंपनी जबाबदार असते. कलम २१ नुसार या जबाबदारीचे दोन टप्पे आहेत. ठरावीक रकमेपर्यंतच्या सिद्ध झालेल्या नुकसानीसाठी कंपनीला 'आमची चूक नव्हती' असा बचाव घेताच येत नाही. त्या रकमेच्या वरच्या नुकसानीसाठी मात्र कंपनी आपला निष्काळजीपणा नव्हता किंवा दोष केवळ दुसऱ्याचाच होता हे सिद्ध करून सुटू शकते, आणि ते सिद्ध करण्याचे ओझेही प्रवाशावर नसून कंपनीवर असते. ही रक्कम आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एसडीआर या एककात मोजतात. मूळ करारात ती १ लाख एसडीआर होती. पुढे वेळोवेळी वाढत २०१९ च्या अखेरीस ती १,२८,८२१ आणि २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१,८८० एसडीआर झाली. रुपयांत ढोबळमानाने हा आकडा दीड ते पावणेदोन कोटींच्या घरात जातो. अपघाताच्या तारखेला भारतातील अधिसूचनेनुसार यांपैकी कोणता आकडा लागू होता, ते आपल्या वकिलांनी तपासून दाव्यात नमूद करावे, पण आपल्या प्रकरणात त्याने फारसा फरक पडणार नाही. आईंचा दवाखान्याचा खर्च, बुडालेले उत्पन्न, पुढील उपचार आणि वेदना यांची बेरीज या मर्यादेच्या बरीच खाली राहील. त्यामुळे गिअरच्या दांड्याला जुनी चीर होती, देखभालीत बोल्ट चुकीचा बसला होता, हायड्रॉलिक दाब कमी पडला की वैमानिकाने विमान जोरात आपटले, यांपैकी कोणतेही कारण अहवालात निघाले तरी आईंना मिळायची रक्कम एक रुपयानेही बदलत नाही. कारण कोणाचे, हा विमान कंपनी, गिअर बनवणारा कारखाना आणि देखभाल करणारी कंपनी यांच्यातला आपसातला हिशेब आहे, आणि तो करण्याचा हक्क कलम ३७ ने विमान कंपनीला स्वतंत्रपणे दिलेला आहे. त्या हिशेबासाठी मणक्याच्या दुखण्याने अंथरुणावर असलेल्या प्रवाशाला ताटकळत ठेवण्याचा अधिकार कंपनीला नाही.

शिवाय या चौकशीचा हेतूच निराळा असतो. ज्या देशात अपघात होतो त्या देशाची यंत्रणा शिकागो कराराच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, तेराव्या परिशिष्टानुसार चौकशी करते, आणि तिचे एकमेव उद्दिष्ट पुढील अपघात टाळणे हे असते. दोष किंवा दायित्व ठरवणे नव्हे. प्राथमिक अहवाल तीस दिवसांत आणि अंतिम अहवाल शक्य तर बारा महिन्यांत यावा अशी अपेक्षा असली, तरी अंतिम अहवालाला बहुधा त्याहून अधिक काळ लागतो. १७ फेब्रुवारी २०२५ रोजी टोरांटोत डेल्टा या अमेरिकी कंपनीचे मिनियापोलिसहून आलेले विमान उतरताना उलटले. त्यातील सर्व ८० जण बचावले. कॅनडाच्या चौकशी यंत्रणेच्या प्राथमिक अहवालात उजव्या मुख्य गिअरचा आडवा आधार तुटल्याचे नमूद झाले. तेथे कंपनीने अहवालाची वाट न पाहता काही दिवसांतच प्रत्येक प्रवाशाला ३० हजार डॉलर देऊ केले, तेही कोणतीही अट न घालता, आणि त्यानंतर अनेक प्रवाशांनी न्यायालयातही दाद मागितली. अहवाल आणि भरपाई या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत, हे विमान कंपन्यांना पुरते ठाऊक असते.

आता सामानाचा मुद्दा. आपल्या पत्रात आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे की आईंच्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि तिच्यात मुलीसाठी नेलेले डिंकाचे लाडू होते. ही गोष्ट लपवू नका. कलम २० नुसार प्रवाशाच्या निष्काळजीपणामुळे इजा झाली किंवा तिला हातभार लागला, तर तेवढ्या प्रमाणात कंपनीची जबाबदारी कमी होते, आणि हा बचाव पहिल्या टप्प्यातील रकमेलाही लागू होतो. त्यामुळे हा मुद्दा हलक्यात घेण्यासारखा नाही. परंतु तो सिद्ध कंपनीला करायचा आहे, आणि त्यासाठी केवळ पिशवी होती एवढे पुरत नाही. त्या पिशवीमुळेच मणका मोडला किंवा अधिक मोडला, हे दाखवावे लागेल. आईंनी वरच्या कप्प्यातली चाकाची बॅग ओढून काढली असती तर गोष्ट वेगळी होती. उड्डाणापासून मांडीवर किंवा पायाशी असलेली आणि धूर पाहून उठताना खांद्यालाच राहिलेली हलकी पिशवी हा निष्काळजीपणा आहे असे न्यायालयाने मानावे, यासाठी कंपनीला बरेच कष्ट पडतील. घसरगुंडीच्या तळाशी धरायला कोणी होते का, विमान एका बाजूला झुकल्याने घसरगुंडी नेहमीपेक्षा उभी झाली होती का, मागचा प्रवासी आईंवर आदळला का, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. उजवे गिअर मोडलेले विमान उजवीकडे कलते आणि डाव्या बाजूच्या दारांची उंची वाढते. आई कोणत्या दाराने उतरल्या ते त्यांना शांतपणे आठवायला सांगून आजच लिहून ठेवावे. वडील हे प्रत्यक्षदर्शी आहेत. त्यांचेही निवेदन स्वतंत्रपणे, आईंशी चर्चा न करता लिहून घ्यावे, म्हणजे पुढे उलटतपासणीत ते ठाम राहील.

विमान तर आधीच थांबले होते, इजा घसरगुंडीवर झाली म्हणजे ती अपघातामुळे नव्हे, असाही युक्तिवाद पुढे येऊ शकतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये एअर फ्रान्सविरुद्ध सॅक्स या प्रकरणात 'अपघात' म्हणजे प्रवाशाच्या शरीराबाहेर घडलेली अनपेक्षित वा असामान्य घटना, अशी व्याख्या केली, आणि हा अर्थ जगभर आधारासाठी घेतला जातो. गिअर मोडणे आणि त्यापायी प्रवाशांना घसरगुंडीवरून उतरवावे लागणे ही एकच सलग घटना आहे, आणि उतरण्याची क्रिया तर कलम १७ मध्ये स्पष्टपणे येते. हा युक्तिवाद टिकणारा नाही. आईंची हाडे वयोमानाने ठिसूळ होती, असे मात्र कंपनी नक्कीच म्हणेल. त्यावर उत्तर असे की इजा ज्या व्यक्तीला झाली ती जशी होती तशीच कायदा तिला स्वीकारतो. तरीही अपघातापूर्वी कंबरेचे काही दुखणे नव्हते हे दाखवणारी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची जुनी कागदपत्रे असतील तर ती अवश्य जोडावीत.

रुग्णालयात केलेल्या सहीची आपल्याला काळजी वाटते. आपण पाठवलेल्या छायाचित्रात त्या कागदावर तातडीच्या खर्चासाठीची रक्कम मिळाली एवढाच मजकूर आहे, दावा सोडल्याचा शब्दही नाही. अशी आगाऊ रक्कम देण्याची कल्पना कराराच्या कलम २८ मध्येच आहे. तिच्यामुळे कंपनीने जबाबदारी मान्य केली असे होत नाही, आणि प्रवाशाचा दावाही संपत नाही. ती रक्कम अंतिम भरपाईतून वजा होईल, इतकेच. आता मागितली जाणारी सही मात्र सर्वस्वी वेगळी आहे. प्रवासापूर्वी तिकिटात घातलेली जबाबदारी टाळणारी अट कलम २६ नुसार रद्द ठरते, परंतु अपघातानंतर समजून-उमजून केलेली तडजोड कायदा मान्य करतो, आणि ती एकदा झाली की मागे फिरणे कठीण असते. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये युनायटेड इंडिया इन्शुरन्सविरुद्ध अजमेर सिंग कॉटन या प्रकरणात म्हटले आहे की फसवणूक, दिशाभूल किंवा दबावाखाली पूर्ण समाधानाची पावती दिली असेल तर तिच्यामुळे ग्राहकाचा हक्क जात नाही. पण ते सगळे सिद्ध करण्याची वेळ स्वतःवर का आणावी?

५ लाख पुरेसे आहेत का, या प्रश्नाचे उत्तर आईंच्या नुकसानीचा हिशेब मांडल्याशिवाय देता येत नाही. समाजमाध्यमांवरून आपल्यापर्यंत असेही पोहोचले आहे की विमान अपघातात दीड कोटी हक्काने मिळतात. तसे नाही. मंगळुरू येथे २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेल्या विमानाच्या अपघातात १५८ जणांचा मृत्यू झाला. तेथे अपघाताचे कारण वेगळे होते, परंतु भरपाईचा कायदा हाच होता. केरळ उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी २०११ मध्ये किमान १ लाख एसडीआर देय असल्याचे म्हटले आणि त्याच वर्षी खंडपीठाने तो निर्णय बदलून, भरपाई सिद्ध झालेल्या नुकसानीइतकीच मिळते असे ठरवले. म्हणजे तो आकडा सरसकट मिळणारी रक्कम नव्हे. आणि ती कमाल मर्यादाही नव्हे, कारण त्याच अपघातातील एका कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, त्रिवेणी कोडकनी प्रकरणात, सुमारे ७ कोटी ६४ लाख रुपये ९ टक्के व्याजासह मंजूर केले. तेथे मृत व्यक्तीचे मोठे उत्पन्न कागदोपत्री सिद्ध झाले होते. अपघात २०१० चा आणि निकाल २०२० चा, हेही मनात धरून ठेवावे.

आईंच्या बाबतीत हिशेब कसा मांडायचा, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या राजकुमारविरुद्ध अजय कुमार या निकालात सापडते: झालेला व पुढे होणारा औषधोपचार, उपचारकाळात बुडालेले उत्पन्न, कायमच्या अपंगत्वामुळे पुढे कमी होणारी कमाई, वेदना व त्रास, आणि रोजच्या जगण्यातला गमावलेला आनंद. तो निकाल रस्ता अपघाताचा आहे, पण इजेचे मोल ठरवण्याची ही रीत आपल्याकडे सर्वत्र वापरली जाते. कंपनीच्या पत्रात आईंचा उल्लेख 'गृहिणी, उत्पन्न नाही' असा आहे, आणि तो वाचून मला मनापासून वाईट वाटले. एक तर गृहिणीच्या श्रमालाही आर्थिक मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या लता वाधवा प्रकरणापासून २०२१ च्या कीर्ती प्रकरणापर्यंत वारंवार सांगितले आहे. दुसरे म्हणजे आई डबे देत होत्या, म्हणजे त्यांना उत्पन्न होते. ते आयकर विवरणपत्रात नसेल, परंतु ग्राहकांनी दरमहा यूपीआयने पाठवलेल्या रकमा बँकेच्या खात्यात तारीखवार दिसतील. अपघाताआधीच्या दोन वर्षांचे खात्याचे विवरण काढा, त्या नोंदींवर खूण करा, आणि नेहमीच्या तीन-चार ग्राहकांकडून ते किती काळ डबा घेत होते व कधी बंद झाला याची प्रतिज्ञापत्रे घ्या. किराणा आणि भाजीवाल्याची उधारीची वही मिळाली तर तीही उपयोगी पडते. अपंगत्वाचे प्रमाणपत्र शासकीय रुग्णालयातून घ्यावे आणि त्यात मणक्याची हालचाल किती राहिली याची स्पष्ट नोंद मागावी. एमआरआयचा केवळ अहवाल नको, फिल्मही जपावी. तिकडच्या रुग्णालयाचे कागद अरबीत असतील तर प्रमाणित भाषांतर लागेल. बोर्डिंग पास, तिकिटाची ईमेल, सामानाच्या चिठ्ठ्या आणि त्या दिवशी मोबाइलमध्ये काढलेली मूळ छायाचित्रे वेळ-तारखेसह वेगळ्या जागी साठवून ठेवावीत.

वडिलांबाबत मात्र मी आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. कलम १७ शारीरिक इजेबद्दल बोलते. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न एअरलाइन्सविरुद्ध फ्लॉइड या प्रकरणात, तिन्ही इंजिने बंद पडून विमान समुद्रात उतरवण्याची तयारी चाललेली असतानाही अखेर सुखरूप उतरलेल्या प्रवाशांना केवळ मानसिक धक्क्याची भरपाई नाकारली. आपल्याकडचे न्यायालय वेगळा विचार करू शकेल, पण त्या भरवशावर वडिलांचा स्वतंत्र दावा उभा राहणे अवघड आहे. त्यांच्यावर उपचार जरूर करावेत. आईंची मानसिक अवस्था मात्र शारीरिक इजेच्या जोडीने 'वेदना व त्रास' या सदरात मांडता येईल, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडील नोंदी ठेवाव्यात.

दावा कोठे करायचा? कलम ३३ नुसार कंपनीचे मुख्यालय, ज्या कार्यालयामार्फत करार झाला ते ठिकाण किंवा गंतव्यस्थान येथे दावा करता येतो. आपले तिकीट जाण्यायेण्याचे असल्याने गंतव्यस्थान मुंबईच मानले जाते. इजेच्या दाव्यात प्रवाशाचे कायमचे निवासस्थानही चालते, मात्र कंपनीची विमाने तेथून ये-जा करत असावीत आणि तेथे तिचे, किंवा तिच्याशी व्यावसायिक करार असलेल्या विमान कंपनीचे, कामकाजाचे कार्यालय असावे. भारतात दावा चालण्याविषयी शंका नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रान्स मेडिटेरेनियन एअरवेज प्रकरणात विमान कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगातही जाता येते असे स्पष्ट केले आहे, आणि तोच मार्ग मी आपल्याला सुचवेन. ग्राहक आयोगाची आर्थिक मर्यादा मागितलेल्या भरपाईवर नव्हे तर मोजलेल्या मोबदल्यावर, म्हणजे येथे तिकिटाच्या किमतीवर, ठरते. त्यामुळे आपली तक्रार जिल्हा आयोगातच जाईल, आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही. खारघर नवी मुंबईत गणले जात असले तरी ते रायगड जिल्ह्यात आहे, म्हणून निवासाच्या आधारे तक्रार अलिबागला जाईल. परंतु तिकीट वाशीत घेतले, म्हणजे दाव्याचे कारण अंशतः ठाणे जिल्ह्यात घडले, आणि त्या आधारे सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनातील अतिरिक्त ठाणे जिल्हा आयोगात जाण्याचा मार्ग राहतो. आईंना गाडीत बसवून अलिबाग गाठायचे की बेलापूर, हा त्यांच्या कंबरेच्या दृष्टीने मोठा फरक आहे. एजंटाची पावती त्यासाठी जपावी, आणि दाखल करण्यापूर्वी कार्यक्षेत्राबाबत आयोगाच्या कार्यालयात खात्री करून घ्यावी. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३८ नुसार दूरदृश्य पद्धतीने सुनावणी मागता येते. तसा अर्ज वैद्यकीय दाखल्यासह तक्रारीबरोबरच द्यावा. तिकीट एका कंपनीचे आणि प्रत्यक्ष विमान दुसऱ्या कंपनीचे असेल, तर दोघींनाही प्रतिपक्ष करावे. गिअर बनवणाऱ्या कारखान्याला सामील करू नये. त्याने तांत्रिक पुराव्यांचा पसारा वाढेल आणि आयोग प्रकरण गुंतागुंतीचे म्हणून दिवाणी न्यायालयाकडे पाठवण्याचा धोका निर्माण होईल.

आणखी एक गोष्ट कंपनीच्या पत्राचे उत्तर देण्यापूर्वी ध्यानात घ्या. दावा दाखल होण्यापूर्वी कंपनीने लेखी देऊ केलेल्या रकमेपेक्षा आयोगाने कमी किंवा तेवढीच भरपाई दिली, तर मॉन्ट्रियल कराराच्या कलम २२ च्या सहाव्या पोटकलमानुसार मर्यादेव्यतिरिक्त खर्च व व्याज मागण्याचा आधार निसटतो. म्हणून ५ लाखांचा प्रस्ताव रागाने धुडकावू नका. आपण आजवर दवाखान्यावर ३ लाख ८० हजार खर्च केल्याचे लिहिता. त्यात बुडालेले डबे, पुढील काही वर्षांची फिजिओथेरपी आणि घरकामासाठी ठेवलेल्या बाईंचा पगार मिळवला की ५ लाख हा आकडा अपुरा ठरतो, असे माझे मत आहे. तसे आकडेवारीनिशी लिहून वकिलामार्फत कंपनीच्या मुंबई कार्यालयाला आणि मुख्यालयाला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवावी, ईमेलनेही पाठवावी, आणि तीस दिवसांची मुदत द्यावी. उत्तर समाधानकारक आले तर तडजोड जरूर करावी, त्याचा मसुदा सहीपूर्वी वकिलाला दाखवावा. उत्तर आले नाही किंवा पुन्हा अहवालाचेच कारण पुढे केले, तर एकतिसाव्या दिवशी तक्रार दाखल करावी.